बीलेफेल्ड, जर्मनी: नातवंडांना घेऊन जावं असं शहर

मुलांकडे जर्मनीत येऊन राहणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींना बर्लिन-हॅम्बुर्ग बघून झालं की पुढे कुठे जायचं, हा प्रश्न पडतोच. हॅनोव्हर किंवा त्याच्या आसपास राहत असाल तर एक पूर्ण दिवस बीलेफेल्डला द्या, अशी माझी शिफारस आहे. बरोबर बारा-पंधरा वर्षांचं नातवंड असलं तर फारच उत्तम. मी साताऱ्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत असे आणि हा अभिप्राय त्याच नजरेने लिहिते आहे. नुसत्या प्रेक्षणीय स्थळांसाठी जायचं असेल तर जर्मनीत याहून देखणी गावं पुष्कळ आहेत.

आधी या शहराची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तिथे काय बघायचं ते कळणार नाही. बीलेफेल्डची वस्ती साधारण 3,40,000. वेस्टफालिया भागातलं, ट्यूटोबुर्गच्या डोंगररांगेतलं जुनं व्यापारी गाव, लिननच्या कापडासाठी एके काळी प्रसिद्ध. 1994 च्या मे महिन्यात कील विद्यापीठातल्या आखिम हेल्ड नावाच्या विद्यार्थ्याने तेव्हाच्या युजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या चर्चागटांच्या जाळ्यावर, एक लेख टाकला. त्यात दावा असा होता की बीलेफेल्ड नावाचं शहर अस्तित्वातच नाही. कुणीतरी ते असल्याचा देखावा उभा केला आहे. हे कुणीतरी कोण, याचा पत्ता नाही. त्यांना नुसतं ‘ते’ म्हणायचं. कारस्थानं शोधणाऱ्यांची पद्धत कशी असते हे दाखवण्यासाठी केलेलं ते विडंबन होतं. सगळ्या जर्मनीला ते पाठ झालं, आणि अजूनही बीलेफेल्डचा माणूस परगावी भेटला की त्याला ते ऐकावं लागतं.

दाव्याची सगळी ताकद तीन प्रश्नांत आहे. तुम्ही बीलेफेल्डच्या कुणाला ओळखता का? तुम्ही स्वतः कधी बीलेफेल्डला गेला आहात का? गेलेल्या कुणाला तरी ओळखता का? बहुतेक लोकांचं तिन्ही प्रश्नांना उत्तर ‘नाही’ असतं आणि तिथे दावा पक्का होतो. एखाद्याने ‘हो’ म्हटलं, तर तो ‘त्यांच्यातला’ ठरतो किंवा ‘त्यांनी’ त्याला फसवलेलं असतं. रस्त्यावर बीलेफेल्डच्या पाटीच्या गाड्या दिसतात? ‘त्यांनी’ सोडलेल्या. 1969 साली स्थापन झालेलं विद्यापीठ? देखाव्याचा भाग. म्हणजे पुरावा नसला तर दावा खरा, आणि पुरावा सापडला तर तो कारस्थान किती खोल आहे त्याची खूण. कुठूनही शिरा, बाहेर पडायला दार ठेवलेलंच नाही.

हे सगळं मला नातवाने, ईशानने, गाडीत सांगितलं. हॅनोव्हरहून आरई 70 ही प्रादेशिक गाडी थेट बीलेफेल्डला जाते, साधारण दीड तास लागतो. वेगवान आयसीई तासाभराच्या आत पोचवते, पण भाडं बरंच जास्त. मी प्रादेशिक गाडीच निवडेन. खिडकीतून शेतं आणि मिंडेनच्या पुढे डोंगर दिसतात, आणि बोलायला वेळ मिळतो.

मुख्य स्टेशनातून बाहेर पडल्यावर लगेच गावात शिरू नका. स्टेशनसमोर इथून छावण्यांकडे पाठवलेल्या ज्यूंचं स्मारक आहे आणि त्यावर 1,800 हून अधिक नावं कोरली आहेत. 13 डिसेंबर 1941 ला म्युन्स्टर, ओस्नाब्रुक आणि बीलेफेल्डच्या माणसांना घेऊन एक गाडी इथून लाटव्हियातल्या रिगाला गेली. आम्ही बराच वेळ नावं वाचत उभे राहिलो. सारख्या आडनावांची माणसं एकाखाली एक येतात तेव्हा ते एक घर होतं हे कळतं. ईशान नववीत आहे, शाळेत हा इतिहास त्यांना नीट शिकवतात. तो म्हणाला, “आजी, हे झालंच नाही असं म्हणणारे लोकही असेच बोलतात. कागद दाखवला की खोटा, वाचलेला माणूस बोलला की विकत घेतलेला.” त्याचं अगदी बरोबर आहे. ज्या 1994 साली हेल्डने तो लेख लिहिला, त्याच साली ज्यूंच्या संहाराचा जाहीर इन्कार करणं जर्मनीच्या दंडविधानात स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरलं. दोन्ही दाव्यांची बांधणी सारखीच. एका दाव्यात कुणाला इजा नाही, दुसऱ्यात मेलेल्यांना पुन्हा पुसून टाकणं आहे. म्हणून मला या शहराचं महत्त्व वाटतं. जिथे कुणाचं रक्त सांडत नाही अशा उदाहरणावर मुलांना ही बांधणी उकलून दाखवता येते, आणि खरं उदाहरण त्याच गावात, स्टेशनच्या दारात आहे. या स्मारकाला मी गुण देणार नाही, गुण देण्याची ती जागा नव्हे. पण ते वगळून गावात जाऊ नका.

जुन्या गावात पायी जाता येतं, रस्ता सपाट आहे. 30 सप्टेंबर 1944 च्या बॉम्बहल्ल्यात हा भाग जवळजवळ सगळा जळाला, त्यामुळे फार जुनी घरं दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. निकोलाय चर्चपाशी विणकराचा पुतळा आहे, 1909 सालचा, खांद्यावर कापड, हातात काठी आणि तोंडात चिलीम. त्याच्याजवळच तो दगड आहे ज्यासाठी आजकाल लोक येतात.

दगडाची हकिकत अशी. दाव्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून 2019 च्या ऑगस्टमध्ये शहराच्या प्रसिद्धी विभागाने जाहीर केलं की बीलेफेल्ड अस्तित्वात नाही हे जो निर्विवाद सिद्ध करेल त्याला 10 लाख युरो देऊ. दोन आठवड्यांची मुदत. जगभरातून 2,000 हून अधिक जणांनी आपापले पुरावे पाठवले. एकही टिकला नाही. सप्टेंबरमध्ये शहराने कारस्थान अधिकृतपणे संपल्याचं जाहीर केलं आणि त्याची आठवण म्हणून 600 किलोचा दगड बसवला. समारंभाला खुद्द हेल्ड हजर होते.

या बक्षिसाबद्दल मला मनापासून लिहायचं आहे, कारण बक्षिसाची परंपरा आमच्या ओळखीची आहे. श्रीलंकेतले बुद्धिवादी अब्राहम कोवूर यांनी 1963 मध्ये चमत्कार सिद्ध करणाऱ्याला एक लाख रुपयांचं आव्हान दिलं होतं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं 21 लाखांचं आव्हान आजही उभं आहे. साताऱ्यात डॉक्टर दाभोलकरांच्या कार्यकर्त्यांबरोबर आम्ही शाळाशाळांतून प्रयोग दाखवायचो. पाण्याने दिवा पेटवायचा आणि मग मुलांना दिव्याच्या तळाशी ठेवलेला कार्बाइडचा खडा काढून दाखवायचा. पाणी पडलं की त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो जळतो. त्या आव्हानांत दावा करणाऱ्याने काहीतरी करून दाखवायचं असतं. रिकाम्या हातातून अंगठी काढतो म्हणतोस ना, मग बाह्या वर करून काढ. निघाली किंवा नाही निघाली, दोन्ही गोष्टी सगळ्यांना दिसतात. कोवूर 1978 मध्ये गेले तोवर एकाही बाबाला ते पैसे नेता आले नाहीत.

बीलेफेल्डच्या बक्षिसात जे मागितलं ते वेगळ्या जातीचं आहे. एखादी गोष्ट नाही, हे सिद्ध करा. पण शहराची चाल बरोबर होती असं मी म्हणेन, कारण पंचवीस वर्षं ‘आम्ही आहोत’ हे सिद्ध करण्याचं ओझं शहरावर होतं आणि त्यांनी ते पहिल्यांदाच दावा करणाऱ्याच्या डोक्यावर ठेवलं. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने 1952 मध्ये हेच समजावलं होतं. पृथ्वी आणि मंगळाच्या मध्ये सूर्याभोवती एक चिनी मातीची किटली फिरते आहे, दुर्बिणीलाही दिसणार नाही इतकी लहान, असं मी म्हटलं तर ते खोटं ठरवणं तुमचं काम नाही. खरं असल्याचं दाखवणं माझं काम आहे. आधी शहराने उलटं करून पाहिलं होतं. 1999 मध्ये ‘बीलेफेल्ड आहेच’ असं पत्रक काढलं आणि ते नेमकं 1 एप्रिलला प्रसिद्ध झालं. ज्यांना शंका होती त्यांची खात्रीच पटली.

दगडावर मात्र मी नाराज आहे. कारस्थान संपलं, हे म्हणणं चूक आहे. परीक्षक कोण होते? शहराचीच माणसं. तीन प्रश्न मानणाऱ्याच्या हिशेबाने परीक्षकही ‘त्यांच्यातले’. 600 किलो काय, 6,000 किलोचा दगड ठेवला तरी तो देखाव्याचाच दगड. हे शहराला कळत नसेल असं नाही. मग शेजारी असा दावा का संपत नाही हे समजावणारा एखादा फलक का नाही? शाळेच्या सहली येतात, मुलं दगडाबरोबर फोटो काढून जातात. दगडाला 5 पैकी 2.

पर्यटक माहिती केंद्र नव्या नगरपालिकेच्या इमारतीत, नीडरवाल रस्त्यावर आहे. तिथे पूर्ण गुण. काउंटरवरच्या बाईंनी इंग्रजीत, घाई न करता, नकाशावर पेनाने खुणा करून किल्ल्याचा कमी चढाचा रस्ता दाखवला. गुडघे दुखतात हे मला सांगावंही लागलं नाही. तुमचं शहर नाहीच असं रोज ऐकून कंटाळा येत नाही का, असं ईशानने त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, येतो, पण त्या निमित्ताने लोक आत येतात आणि मग नकाशा घेऊन जातात.

जेवण एका जुन्या गावातल्या हॉटेलात घेतलं. नाव लिहीत नाही, कारण वाढणाऱ्यांची खूप वाट बघावी लागली आणि आधी मागितलेलं पाणी शेवटी आलं. पण पिकर्ट मात्र खाऊनच या. बटाटा किसून त्यात मैदा, दूध, अंडी, यीस्ट आणि मनुका घालून जाडसर भाजतात. मांस नाही, अंडं चालत असेल तर निर्धास्त घ्या. बरोबर बीटाचा काळा पाक देतात, तो थेट आपल्या काकवीसारखा लागतो. एकच पिकर्ट दोघांना पुरलं. पदार्थाला 4, वाढण्याला 2.

जेवणानंतर स्पारेनबुर्ग किल्ला. तेराव्या शतकातला, कागदोपत्री पहिला उल्लेख 1256 चा. जुन्या गावातून वीसेक मिनिटांचा चढ, वाटेत झाडी आणि बाकं. मनोरा 37 मीटर उंच आहे. मी वरपर्यंत गेले, थांबत थांबत. वरून एका बाजूला गाव आणि दोन्हीकडे ट्यूटोबुर्गच्या जंगलाची रांग. अजिंक्यतारा चढलेल्या माणसाला तटबंदी लहान वाटेल, पण राखली आहे ती बघण्यासारखी. एक कागदाचा कपटा पडलेला दिसला नाही. भुयारी वाटाही माहितगाराबरोबर बघता येतात. किल्ल्याला 5 पैकी 5, त्यात काही हातचं राखायचं कारण नाही.

मनोऱ्यावर ईशानने ठरवलं की तो ‘त्या’ बाजूने बोलणार आणि मी त्याला पटवायचं. मी सुरुवात केली, हे बघ, समोर शहर आहे. म्हणाला, “देखावा.” किल्ला साडेसातशे वर्षांचा आहे. “कागद मागाहून केलेत.” तुझ्या आजोळी पुण्यात सँडविचला जी मेयोनीजची बाटली येते ती डॉक्टर ओटकरची, आणि ती कंपनी याच गावातली, 1891 पासूनची. यावर तो क्षणभर अडला, मग म्हणाला, “म्हणजे ‘ते’ पुण्यापर्यंत पोचलेत.” मी म्हटलं, 2012 मध्ये चॅन्सेलर मेर्केल बीलेफेल्डच्या एका सभेला जाऊन आल्याचं स्वतः बोलल्या होत्या. त्याला ती गोष्ट माझ्याहून नीट माहीत होती. म्हणाला, “हो, आणि त्या लगेच म्हणाल्या की ते शहर खरंच असेल तर!”

एकेक पुरावा आणखी देत बसले असते तर रात्र झाली असती. वर्गात जे विचारायचे तेच मग विचारलं: “असं काय दिसलं तर तू म्हणशील की माझा दावा चुकला?” त्याने खरंच विचार केला. बराच वेळ खाली गावाकडे बघत होता. म्हणाला, “काहीच नाही. ह्यात तशी जागाच ठेवलेली नाही.”

तिथेच मी त्याला 1919 सालचं ग्रहण सांगितलं. आइन्स्टाइनचं म्हणणं होतं की सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश 1.75 विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) वाकेल. जुन्या न्यूटनच्या हिशेबाने तो फार तर त्याच्या निम्मा वाकायला हवा होता. 29 मे 1919 च्या ग्रहणासाठी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेले, दुसरी तुकडी ब्राझीलमध्ये सोब्रालला गेली, आणि त्यांनी ग्रहणातल्या ताऱ्यांचे फोटो घेतले. तारे जागेवरून तितके सरकलेले दिसले नसते तर आइन्स्टाइनचा सिद्धांत अडचणीत आला असता. त्याने स्वतःच्या हाताने आपल्या सिद्धांताची मान पुढे केली होती. पुढे विज्ञानाचा तत्त्वज्ञ म्हणून नावाजलेला कार्ल पॉपर तेव्हा व्हिएन्नात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा होता, आणि हा फरक त्याच्या मनात घर करून बसला. जो सिद्धांत काय घडलं तर मी पडेन हे आधी सांगतो, तो तपासता येतो. जो प्रत्येक घटनेतून आपल्यालाच दुजोरा काढतो, तो कितीही चतुर असला तरी त्याने जगाबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. बीलेफेल्डचा दावा खोडता येत नाही याचं कारण तो भक्कम आहे हे नव्हे. त्याने कुठलाही धोका पत्करलेला नाही.

ईशानने मग अमेरिकेतला दाखला दिला. 2017 मध्ये मेम्फिस शहरात पीटर मॅकिन्डो नावाच्या तरुणाने फलक धरला होता की पक्षी खरे नाहीत, ती सरकारची टेहळणी यंत्रं आहेत. पुढे काही वर्षं तो कधीही हसला नाही, गंभीरपणे हेच बोलत राहिला. 2021 मध्ये उघड सांगितलं की हे विडंबन आहे. पक्षी विजेच्या तारांवर बसतात ते चार्ज होण्यासाठी, असं त्या मंडळींचं म्हणणं. ईशान म्हणाला की त्याने खरं सांगितल्यावरही एखादा म्हणू शकतो की त्याला गप्प केलं. मला फार बरं वाटलं. मुलगा पुढचं पाऊल स्वतः टाकत होता.

त्या संध्याकाळी मी मनोऱ्यावरचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले आणि गोष्टही लिहिली. एका भाच्याने लगेच लिहिलं, मावशी, फोटो तर एआयनेही बनतात. तो थट्टेत लिहीत होता. पण हाच भाचा 2016 च्या नोव्हेंबरमध्ये अगदी मनापासून सांगत होता की दोन हजारांच्या नोटेत चिप आहे आणि ती जमिनीखाली 120 मीटरवरूनही सापडते. टीव्हीवरसुद्धा ते सांगितलं गेलं होतं. रिझर्व्ह बँकेने असं काही नाही म्हटल्यावर तो म्हणाला होता, ते कबूल कसे करतील? 1999 च्या त्या पत्रकाचं जे झालं तेच. या वेळी मी त्याला फक्त ईशानला विचारलेला प्रश्न विचारला. उत्तर यायला दोन दिवस लागले, आणि ते लांबलचक आणि विचार करून लिहिलेलं होतं. सगळं पटलं असं त्याने लिहिलं नाही. चिपबद्दल तेव्हा काय दाखवलं असतं तर मानलं असतं हे आठवत नाही, असं लिहिलं. मला ते प्रामाणिक वाटलं आणि मी त्याला तसं कळवलं.

एकंदर शहराला 5 पैकी 4, आणि किशोरवयीन मुलांबरोबर गेलात तर 5. काही व्यवहाराच्या गोष्टी. किल्ल्याचा मनोरा एप्रिल ते ऑक्टोबर उघडा असतो, हिवाळ्यात येणार असाल तर मनोऱ्याची आशा धरू नका. चढासाठी पकड असलेले बूट घाला, जुन्या गावातल्या फरशा पावसात निसरड्या होतात. डॉक्टर ओटकरचं पुडिंगच्या जुन्या कारखान्यातलं दालन बघायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं. आम्ही ते केलं नव्हतं, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. आणि हॅनोव्हरची थेट प्रादेशिक गाडी दर तासाला नसते, परतीची वेळ किल्ल्यावर चढण्याआधीच बघून ठेवा.